अप्पांचं इंग्रजी

माझी जीभ जड आहे, असं अप्पांनी मला सांगितलं तेव्हा मी सातवीत होते. त्या दिवशी संध्याकाळची शिकवणी संपवून ते हातपाय धुऊन आत आले आणि मी त्यांच्यासमोर उभी राहून इंग्रजी पुस्तकातला एक उतारा म्हणून दाखवला. तो मला कोणी शिकवला नव्हता. बाहेर ते मुलांकडून तो घोकून घेत होते आणि आत मी आईबरोबर कॉफी गाळता गाळता ऐकत होते. अर्थ अर्धाच कळला होता, पण शब्द एकही सुटला नाही. अप्पा पंचाने हात पुसत गप्प राहिले. मग म्हणाले, "पाठांतर चांगलं आहे बाळ. पण तुझी जीभ जड आहे. इंग्रजी तीवर बसायचं नाही." आई चुलीशी होती. तिने मान वर केली नाही.

माझा विश्वास बसला. तंजावुरात ज्याला इंग्रजीबद्दल काही विचारायचं असेल तो अप्पांकडे येई, मग मी कोण त्यांचं खोटं ठरवणारी? ते कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि संध्याकाळी घरापुढच्या ओट्यावर, आमच्याकडे त्याला तिण्णै म्हणतात, शिकवणी घेत. कावेरीकाठच्या खेड्यांतून मुलं सायकली मारत येत. वकिलांच्या मुली येत, देवळापुढच्या दुकानदारांच्या मुली येत. कागदाची पट्टी ओठांसमोर धरून ते दाखवत, हा उच्चार करताना पट्टी हलली पाहिजे, तो करताना हलता कामा नये. ज्याची पट्टी बरोबर हलली त्याला ते शाबासकी देत. "जगात कुठेही उतरा, इंग्रजी येत असेल तर उपाशी राहणार नाही," हे वाक्य मी त्या ओट्यावरून इतक्यांदा ऐकलंय की त्याची चालसुद्धा मला पाठ आहे.

माझा धाकटा भाऊ कॉन्व्हेंटात जायचा. मी घराजवळच्या मुलींच्या शाळेत, तमिळ माध्यमात. भाऊ अभ्यासात बेताचा होता. अप्पा त्याच्यासाठी फार खपले. सकाळी त्याला उठवून बसवत, जेवताना त्याच्याशी इंग्रजीतच बोलत, चुकला तर न रागावता पुन्हा म्हणायला लावत. मला त्याचा हेवा वाटत नसे. मला वाटे, त्याची जीभ हलकी आहे, माझी नाही. एखाद्याचा गळा गोड असतो, एखाद्याचा नसतो, तसंच हे.

शिवाय मला अप्पांनी दुसरं काही दिलं होतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेले मराठी लोक, आमच्यात मराठी घरापुरती उरलेली. मुलांना समजते, पण उत्तर येतं तमिळमध्ये, आणि देवनागरी वाचणारा सगळ्या नात्यागोत्यात एखादाच. रविवारी सकाळी अप्पा मला शेजारी बसवून बाळबोध अक्षरं गिरवायला लावत. आमच्या बोलण्यात मज, तुज, कोठे, काय करितोस असं जुनं काही राहिलेलं आहे. पुण्याकडचे पाहुणे ते ऐकून हसतात. ते जुनं कोणतं, तिकडचं नवं कोणतं, हे अप्पा मला उलगडून सांगत. भावाला या तासाची सुट्टी असे. "हे राखायला घरात एक माणूस हवं," ते म्हणत, "आणि ते तू." दहा-बारा वर्षांच्या मुलीला यापेक्षा मोठं काय हवं असतं? आज मी हे ज्या मराठीत लिहिते आहे, ती त्या रविवारांची आहे.

माझ्या लग्नासाठी बंगळुरूचं एक स्थळ आलं होतं. मुलगा आमच्यातलाच, तिकडे नोकरीला. कॉफी झाल्यावर त्याने मला इंग्रजीत विचारलं, तुला काय वाचायला आवडतं. मला प्रश्न कळला. एवढंच नाही, उत्तरही जुळून ओठांशी आलं होतं, लहानसंच, चार-पाच शब्दांचं. मी अप्पांकडे पाहिलं, बोलू का म्हणून. अप्पा हसले आणि माझ्याऐवजी त्यांनीच उत्तर दिलं, इंग्रजीत. ती या भाषेत लाजते, पण तिचं मराठी तुम्हाला मुंबईतही ऐकायला मिळणार नाही, असं काहीसं. मुलाच्या आईने दुसराच विषय काढला. ते लोक गेल्यावर अप्पा म्हणाले की त्यांना चारचौघांत इंग्रजी बोलणारी बायको हवी आहे, आपल्याला ते पेलायचं नाही. आणखी स्थळं आली. चेन्नईची, बंगळुरूची, एक तर सिंगापूरचं. प्रत्येकाच्या वेळी अप्पांनी आधीच कळवलेलं असे की मुलीला इंग्रजी येत नाही. मला तो त्यांचा सरळपणा वाटे. कोणाला फसवायला नको. पुढे स्थळं यायची थांबली.

मी ओरत्तनाडुच्या सरकारी कचेरीत लागले. सकाळची बस, संध्याकाळची बस, मधे शेतं आणि कालवे. काम तमिळमध्ये, मला सगळं यायचं, आणि ते मी चांगलं करायची. फक्त वरून एखादं इंग्रजी पत्र आलं की ते शेजारच्या टेबलावर सरकवताना माझे कान तापत. पत्रातलं बरंचसं मला समजायचं, पण समजतंय यावर माझाच भरवसा नसायचा. पुढे पुढे इंग्रजी सगळीकडेच आलं. बँकेच्या फोनमध्ये, औषधाच्या पाकिटावर, शेजाऱ्यांच्या चिमुरड्या नातीच्या तोंडात. ती मला रंगांची नावं विचारायची आणि मी तमिळमध्ये उत्तर दिलं की आजीला येत नाही म्हणून टाळ्या पिटायची. मी हसायची. घरी येऊन अप्पांना सांगितलं की तेही हसायचे.

भाऊ कॅनडाला गेला, तिथेच राहिला. आई गेली. मला चेन्नईला बढती मिळत होती ती मी सोडली, कारण अप्पा एकटे पडले असते. कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण इतकी वर्षं मी हेच स्वतःला सांगत आले.

मी निवृत्त झाल्यावर काही काळाने अप्पांना झटका आला. सकाळी ते कॉफी पीत होते आणि ती ओठाच्या एका कडेने धोतरावर सांडू लागली. काय झालं विचारलं तर तोंडातून नुसता आवाज आला. दवाखान्यात उजवी बाजू गेल्याचं सांगितलं. वाचा परत येईल की नाही ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती आली. एका सकाळी ते मला स्पष्ट म्हणाले, "मज पाणी दे." मी रडले. दोन दिवसांनी आमच्या लक्षात आलं की परत आली आहे ती फक्त मराठी.

तमिळ, जी ते आयुष्यभर रस्त्यावर बोलले, ती गेली होती. नर्स बोलायला लागली की ते परक्या गावच्या स्टेशनावर उतरल्यासारखे बघत. आणि इंग्रजी तर पार पुसून गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, असं कधी कधी होतं, जी भाषा सर्वांत आधी आली ती शेवटपर्यंत राहते. अप्पांचे जुने विद्यार्थी भेटायला आले. त्यातला एक स्वतः कॉलेजचा प्राचार्य होऊन निवृत्त झालेला. त्याने पलंगाशी बसून, अप्पांना आवडेल असं घडवून घडवून इंग्रजीत त्यांची विचारपूस केली. अप्पांनी नम्रपणे डावा हात कपाळाला लावला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हा काय म्हणतो?" प्राचार्य बाहेर तिण्णैवर जाऊन बसला आणि बराच वेळ आत आला नाही.

भावाचा व्हिडिओ कॉल आला की हेच. तो मोठ्याने, सावकाश इंग्रजी बोले, मग तमिळ. मराठी त्याची कधीच सुटली होती, जेव, ये, बस यापलीकडे काही उरलं नव्हतं. अप्पा पडद्याकडे बघत माझा हात दाबून विचारत, काय म्हणतो तो? मी सांगे. मग त्यांचं बोलणं भावाला तमिळमध्ये सांगे. डॉक्टरांना, नर्सला, व्यायाम करून घेणाऱ्या मुलाला, सगळ्यांना मीच. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशिवाय कोणाचं पान हलत नव्हतं, आणि मला त्यात सुख होतं. मनात म्हणायची, त्या रविवारांची फेड होते आहे.

वाचा सुधारावी म्हणून दवाखान्यात एक तरुण बाई होती, तिच्याकडे मी त्यांना आठवड्याला रिक्षाने घेऊन जायची. ती मोठी मायाळू होती. कंगवा, किल्ली, गाय अशी चित्रं दाखवून नावं विचारायची. मराठी तिला येत नसल्यामुळे मी मधे बसायची. एका दुपारी ती म्हणाली, आज सुटे शब्द पुरेत, आज त्यांना आपल्या आयुष्याबद्दल बोलू द्या, लांब वाक्यं यायला हवीत. तिने विचारलं, तुम्ही काय काम करत होता? मी मराठीत विचारलं. अप्पा थांबत थांबत म्हणाले, कॉलेजात पोरांस शिकविलं. काय शिकवलं? ते शोधत राहिले, शब्द सापडला नाही, मग हाताने दूर कुठेतरी दाखवून म्हणाले, "ते. तिकडचं." घरात कोणाला शिकवलं? मुलाला. बाईने मान डोलावली आणि मला म्हणाली, विचारा, आणि मुलीला?

मी विचारलं, "आणि लेकीस?"

"तीस नाही."

बाईला लांब वाक्य हवं होतं. तिने खुणेने सांगितलं, का ते विचारा. मी विचारलं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी तीच आहे हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. शब्दांमागून शब्द ठेवत ते म्हणाले, "ती फार हुशार. एकदा ऐकिलं की तीस येई. पोरापेक्षा तिची जीभ हलकी. तीस शिकविलं असतं तर ती गेली असती. मग आम्हांस कोण? तिची आई म्हणाली, एकास तरी ठेवा. म्हणून तीस सांगितलं, तुला यायचं नाही."

बाईचा चेहरा फुलला. झटका आल्यापासून अप्पा एवढं सलग कधीच बोलले नव्हते. तिने त्यांची पाठ थोपटली आणि मला म्हणाली, काय म्हणाले, नीट सांगा, मला लिहून घ्यायचंय. मी सांगितलं. तमिळमध्ये, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. तिचं पेन मधेच थांबलं. तिने हळूच विचारलं, "अम्मा, ती मुलगी म्हणजे तुम्हीच ना?" मी हो म्हटलं. आज एवढं पुरे, ती म्हणाली, आणि तिनेच अप्पांना धरून रिक्षात बसवलं.

वाटेत अप्पा खुशीत होते. बाईने शाबासकी दिली हे त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं तोंड पुसून झाल्यावर मी समोर बसले आणि विचारलं. "अप्पा, माझी जीभ जड आहे म्हणाला होता, ते खोटं होतं?"

त्यांनी विचार केला. त्यांना आठवत होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. "खोटं नव्हे," ते म्हणाले. "उपाय होता." आणि मग, कॉफी दे.

मी कॉफी दिली. दुसरं काय करणार होते? हात आपोआप चालत होते. पण माझ्या डोक्यात एकेक गोष्ट उलटी होत होती. बंगळुरूच्या मुलाला अप्पांनी दिलेलं उत्तर. प्रत्येक स्थळाला आधीच कळवणं. त्या उताऱ्यानंतरचं त्यांचं गप्प राहणं. तेव्हा मला वाटलं होतं, ते निराश झाले आहेत. आणि आई, चुलीशी, मान खाली घालून. आईचं मला जास्त लागलं. अप्पांवर निदान ओरडता आलं असतं. तिला विचारणार कुठे?

संध्याकाळी मी भावाला फोन केला. त्याच्याकडे सकाळ होती, कामावर निघाला होता. सगळं त्याने ऐकून घेतलं. मग तमिळमध्ये म्हणाला की त्याला माहीत होतं. जाताना विमानतळावर अप्पांनी त्याला सांगितलं होतं, आमची काळजी करू नकोस, अक्काची मी सोय केलेली आहे, ती कुठे जाणार नाही. "मला वाटलं, तुला माहीत असेल," तो म्हणाला. "मला वाटलं, तुलाच राहायचं होतं." मग त्याने समजूत घालायला सुरुवात केली. इंग्रजी येऊन असं काय मोठं मिळतं, म्हणाला, माझं बघ, इतकी वर्षं झाली तरी इथे माझं बोलणं लोक दोनदा विचारतात. माझ्या मुलांना मराठीचं अक्षर येत नाही, ते नुकसान कमी आहे का?

मी म्हटलं, "तुझ्या मुलांना कोणी सांगितलं नाही की त्यांची जीभ जड आहे."

यावर तो उशीर होतोय म्हणाला.

त्यानंतर मी अप्पांशी तमिळ बोलू लागले. ठरवून नाही. तोंडातून मराठी निघेना. भरवताना, अंग पुसताना, गोळ्या देताना, सगळं तमिळमध्ये. पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपला कान गेला. ते कानात बोट घालून हलवत. मग माझ्या तोंडाकडे बघत राहत. एकदा म्हणाले, "तू रागावलीस?" मी तमिळमध्ये सांगितलं, हो. त्यांना कळलं नाही. त्यांची एक भाषा उरली होती आणि ती माझ्या हातात होती, द्यायची की नाही द्यायची. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला भीती वाटली, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. पण त्यांना खोकला झाला आणि कुठे दुखतं हे विचारल्याशिवाय औषध देता येईना. म्हणून मी पुन्हा मराठी बोलू लागले. क्षमा केली म्हणून नव्हे.

खरं सांगायचं तर मला आता मराठीचाही भरवसा राहिलेला नाही. रविवारी सकाळी शेजारी बसवून त्यांनी मला अक्षरं गिरवायला लावली, ती माया होती की दावं होतं? पोरगी हुशार आहे, तिच्या डोक्याला काहीतरी चारा हवा, तर असा द्यावा की जो खाऊन ती लांब जाणार नाही. चारा मात्र गोड होता. तो मला अजून गोड लागतो, आणि त्याचाच मला संताप येतो.

मार्गळी महिन्यात, डिसेंबरच्या थंडीत, भाऊ आला. एकटाच आला, सुट्टी घेऊन. पहिले काही दिवस मी नेहमीसारखी दोघांच्या मधे बसले. एका सकाळी मी दोघांच्या जेवणाचा डबा भरून ठेवला, गोळ्या काढून ठेवल्या, कोणती कधी द्यायची ते सांगितलं आणि म्हणाले, मी संध्याकाळी येते. "आणि ते काही बोलले तर?" भावाने विचारलं. मी चप्पल घातली.

बस पकडून ओरत्तनाडुला गेले. कचेरीतली माझी मैत्रीण तिथेच राहते. तिच्या घरी जेवले, मागच्या अंगणात बसून तिच्या सुनांच्या कागाळ्या ऐकल्या. तिला मी काही सांगितलं नाही. दुपारी आम्ही दोघी छत्रापर्यंत, म्हणजे तिथल्या जुन्या धर्मशाळेपर्यंत, चालत गेलो, परत आलो. इतक्या वर्षांत मी घड्याळ न बघता त्या गावात कधी बसले नव्हते.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. भाऊ अप्पांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसला होता, शर्टावर रसमचे डाग. त्याने फोनमध्ये भाषांतर करणारं काहीतरी घालून पाहिलं होतं. तो इंग्रजीत बोले आणि फोनमधली बाई मराठीत सांगे, पुण्याच्या मराठीत. अप्पांना ती बाई कळली नाही आणि अप्पांचं आमचं जुनं मराठी त्या बाईला कळलं नाही. फोन आता उशीखाली पडला होता.

"अक्का, दुपारपासून ते एकच म्हणतायत," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "माझा हात धरतात आणि तेच पुन्हा. काय आहे ते?"

अप्पांनी मला पाहिलं आणि त्यांना हुरूप आला. भावाचा हात त्यांच्या डाव्या हातात होता. ते म्हणाले, "यास सांग, आता येथेच राहा. जाऊ नको म्हणावं."

मी भावाला तमिळमध्ये सांगितलं. तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, त्यांना सांग की मला परत जावं लागेल, पण पुढच्या वर्षी पुन्हा येईन.

"तूच सांग," मी म्हटलं.

आत जाऊन मी तांदूळ धुवायला घेतले.